एकच सिलिंडर का तापतो? कारण शोधायची पद्धत, पायरीपायरीने

एप्रिल लागला की सोलापुरात गाड्या तापल्याच्या तक्रारी वाढतात. बऱ्याचशा साध्या असतात: रेडिएटरची जाळी मातीने बुजलेली, पंखा उशिरा लागणारा, कूलंटच्या जागी बोअरचं पाणी. पण एक तक्रार वेगळी असते. तापमानाचा काटा मध्यावर आहे, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही, तरी तुळजापूर घाट चढताना पिकअप पडतो, आतून बारीक टकटक ऐकू येते आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की गाडी हलकीशी थरथरते. प्लग काढून ओळीने मांडले, तर तीन तपकिरी-राखाडी आणि एक पांढराफटक. म्हणजे सगळं इंजिन तापलेलं नाही. एकाच सिलिंडरला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय, किंवा त्याची उष्णता बाहेर पडत नाहीये.

इथे चार सिलिंडरची, इंजेक्टरवाली पेट्रोल गाडी धरली आहे, सीएनजी किट असो वा नसो. तीन सिलिंडरच्या गाडीलाही हीच रीत चालते. मोजपट्टी म्हणून बाहेरचं काही फारसं लागत नाही. बाकीचे तीन सिलिंडर तेच पेट्रोल, तीच हवा, तेच ऊन खात असतात. चौथा त्यांच्यापेक्षा कुठे वेगळा पडतो एवढंच शोधायचं.

दिवा का लागत नाही

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. पण पुढच्या हिशेबात प्रमाण तेच राहतं, म्हणून जुनाच आकडा धरू.) ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हे प्रमाण ऑक्सिजन सेन्सरवरून सांभाळतो. पण सेन्सर बसवलेला असतो एक्झॉस्टच्या चारही नळ्या एकत्र येतात तिथे. तो चौघांचा मिळून धूर हुंगतो, एकेकाचा नाही.

समजा, चार नंबरचा इंजेक्टर तुंबून १५ टक्के कमी पेट्रोल देतोय. चौघांचं मिळून पेट्रोल जेमतेम पावणेचार टक्के कमी झालं. ईसीयू तेवढी तूट दिसताच चारही इंजेक्टरना जवळपास ४ टक्के जास्त पेट्रोल सोडतो. सरासरी १४.७ वर आली, सेन्सर खूश. पण आत काय झालं? तीन सिलिंडर १४.१ वर, म्हणजे किंचित जास्त पेट्रोलवर, आणि चौथा १६.६ वर. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीची वाढ-घट) दिसते प्लस ४, जी कुणीही नॉर्मल म्हणेल. पी०१७१ हा लीनचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा) कोड यायला ट्रिम वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जावी लागते. म्हणून ‘स्कॅन केलं, काही निघालं नाही’ हे वाक्य ऐकून घरी जाऊ नका.

आता हीच गाडी घाटाला लावा. पाय पूर्ण दाबला की ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, प्रमाण १२.५ च्या आसपास नेतो, कारण जादा पेट्रोल ज्वलनाचं तापमान खाली ठेवतं. आपला आजारी सिलिंडर त्या वेळी १४ ते १४.७ च्या मध्ये असतो. नेमकं याच पट्ट्यात एक्झॉस्ट सर्वांत गरम होतं. आयडलला १६.६ वर तो फक्त रेंगाळत जळतो आणि थरथरतो. जाळणारी उष्णता तयार होते ती चढावर, भरलेल्या गाडीत. म्हणून गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर घेतलेलं एकच माप पुरत नाही.

हे खर्च आधी थांबवा

एअर फिल्टर, पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट, ‘पेट्रोलमध्ये भेसळ’. यातलं काहीही बिघडलं तर चारही सिलिंडर बिघडतात. एकटा सिलिंडर वेगळा पडला असेल तर दोषही त्याच्या एकट्याच्या वाटेवर असणार: त्याचा प्लग, कॉइल, इंजेक्टर, त्याच्या इनटेक नळीची गॅसकेट, त्याचे व्हॉल्व्ह, रिंगा, किंवा त्याच्या भोवतीची पाण्याची वाट. यादी एवढीच आहे. ‘मालक, सेन्सर टाकू, गाडी नवी होती बघा’ असं कुणी म्हणालं तर एकच विचारा: सेन्सरने तीन नंबरला सोडून चारलाच का धरलं?

पायरी पहिली: कोणता सिलिंडर, आणि गरम नेमकं काय

बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर. किमान ५०० अंशांपर्यंत मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा आणि पहिल्याच मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्या, हेडपासून सारख्याच अंतरावर, पटापट मोजा. पेटतच नसलेला सिलिंडर इथेच सापडतो: त्याची नळी मागे राहते, गारच राहते.

गन चकचकीत धातूवर खोटं बोलते. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम प्रत्यक्षापेक्षा बरेच गार दाखवतात. सायलेन्सरला मारतात त्या काळ्या हीटप्रूफ रंगाचा एकेक ठिपका चारही नळ्यांवर द्या आणि तिथेच मोजा. हीट शील्डवर गन धरून घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही. काही नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे ही पायरी सोडून पुढे चला.

मग गाडी भार घालून चालवून आणा. तुळजापूरचा घाट त्यासाठी उत्तम. सपाट पुणे हायवेवर हा दोष लपून राहतो. वर पोचल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित घेऊन लगेच दोन ठिकाणी मोजा: एक, एक्झॉस्टची नळी; दोन, हेडचा धातू, प्लगच्या विहिरीशेजारी. पंखा आपोआप सुरू होतो, बाह्या आणि उपरणं सांभाळा. वीस-तीस अंशांचा फरक मी मोजत नाही. मधले दोन सिलिंडर दोन्ही बाजूंनी शेजारी असल्यामुळे आणि पाण्याच्या पंपापासून लांबचा सिलिंडर मुळातच थोडा जास्त गरम असू शकतो. पन्नासच्या पुढचा आणि तीनदा मोजून तोच निघणारा फरक खरा.

या दोन मापांवरून रस्ता फुटतो. नळी गरम पण हेड बाकीच्यांसारखं, तर गडबड ज्वलनात: पेट्रोल कमी, हवा जास्त, किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळका. नळ्या सारख्या पण हेडचा धातू एकाच जागी गरम, तर गडबड पाण्याच्या वाटेत. नळी गार, तर तो सिलिंडर मिसिंग मारतोय. गार सिलिंडरला ‘लीन’ समजून इंजेक्टरमागे धावणारे पुष्कळ भेटतात, आणि निघते शेवटी कॉइल.

प्लग काय सांगतो

घाटावरून आल्यावर गाडी आयडलवर घुरघुरत ठेवू नका. बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे सोबत येतात. गार झाल्यावर काढून क्रमाने मांडा. फिका तपकिरी किंवा राखाडी ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरा, खरबरीत, कडा झिजलेला म्हणजे तापलेला. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा बारीक चंदेरी कण दिसले तर नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून बसणारे ठोके) सुरू आहे आणि ते कण पिस्टनचे असू शकतात. असं दिसलं की गाडी चालवणं थांबवा, कारण पुढचा खर्च पिस्टनचा आहे.

आता प्लगवरचे आकडे वाचा. मागे कधीतरी एकच प्लग बदलला गेला आणि हातात होता तो टाकला, हे फार होतं. एनजीकेमध्ये आकडा जितका लहान तितका प्लग गरम, बॉशमध्ये नेमकं उलट. दोन कंपन्यांची सरमिसळ झाली की एक प्लग तापणारच. आणि सैल बसलेला प्लगसुद्धा पांढरा होतो, कारण त्याची उष्णता हेडमध्ये उतरते ती बूड घट्ट टेकलेलं असेल तरच. काढताना जो प्लग बोटाच्या जोरावर सुटला त्याच्याकडे संशयाने बघा. १४ मिमीचा वायसरवाला प्लग साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरला कसतात. नेमका आकडा आणि गॅप गाडीच्या पुस्तकातून घ्या.

सीएनजी असेल तर फुकटची चाचणी

किट असलेल्या गाडीला दोन वेगवेगळी इंधनव्यवस्था आहेत, आणि प्लग, व्हॉल्व्ह, रिंगा मात्र एकच. त्यामुळे त्याच चढावर एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर चालवा. दोष फक्त गॅसवर दिसला तर त्या सिलिंडरचा गॅस इंजेक्टर, त्याची नळी किंवा मॅनिफोल्डला भोक पाडून बसवलेलं निपल. भरणा करणाऱ्या कंप्रेसरचं तेल गॅसबरोबर येऊन गॅस इंजेक्टर चिकट होतात; नळी दुमडलेली किंवा बाकीच्यांपेक्षा बरीच लांब निघते. दोष फक्त पेट्रोलवर दिसला तर पेट्रोल इंजेक्टर. दोन्हींवर सारखाच दिसला तर इंधनाचा विषय बंद करा आणि हवा, ठिणगी, व्हॉल्व्ह यांकडे वळा. गॅस इंजेक्टर बसवलेल्या रेलपासून पुढच्या नळ्या साबणाच्या पाण्याने तपासता येतात. टाकीकडची बाजू २०० बारच्या दाबाची असते. तिथला एकही नट घरी सोडवू नका.

अदलाबदल: एका फेरीत तीन उत्तरं

नेहमीची रीत अशी की आधी प्लग बदलून बघायचा, मग कॉइल, मग इंजेक्टर. पैसे तिन्हीचे जातात. त्यापेक्षा आहे तेच सामान फिरवा, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांना. चार नंबर आजारी असेल तर त्याची कॉइल एक नंबरला द्या, त्याचा प्लग दोनला, त्याचा इंजेक्टर तीनला. त्यांचं सामान चारला. कागदावर लिहून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नाही. पुन्हा तोच घाट, तीच मापं. आजार एकला गेला तर कॉइल, दोनला गेला तर प्लग, तीनला गेला तर इंजेक्टर. चारलाच राहिला तर यातलं काहीच बदलायची गरज नाही. कारण इंजिनच्या अंगात आहे.

ही युक्ती प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीची. दोन सिलिंडरना एक कॉइल असेल तर कॉइलचा दोष सहसा जोडीने दिसतो (एक-चार किंवा दोन-तीन), आणि एकच सिलिंडर आजारी असेल तर हाय टेन्शन वायर फिरवून बघायची.

इंजेक्टर काढण्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह सुटलेली, आसपास बिडी-काडी नाही. ओ-रिंगा नव्या घाला आणि तेलाचं बोट लावून बसवा. कोरडी घुसवलेली रिंग कापली जाते, आणि खालची रिंग कापली की तिथूनच हवा आत जाऊन तुम्हीच एक नवा लीन सिलिंडर तयार करता.

मल्टीमीटरने इंजेक्टरचा रेझिस्टन्स बघता येतो, बहुतेकांचा १२ ते १६ ओम. पण तो फक्त आतल्या वायरीची खबर देतो. तुंबलेल्या तोंडाची नाही. त्यासाठी इंजेक्टर टेस्टिंग मशिन लागतं, ज्यात चारही इंजेक्टर काचेच्या नळ्यांत फवारतात. तिथे उभं राहून सांगा, साफ करण्याआधी चालवा आणि पातळीचा फोटो काढू द्या. आधी साफ केलं तर पुरावा वाहून जातो आणि दोष तिथेच होता का, हे कधीच कळत नाही. साफ केल्यावर चौघांत ५ टक्क्यांच्या आत फरक राहिला तर बसवा. १० च्या वर राहिला तर तो इंजेक्टर बदला, पुन्हा पुन्हा धुऊ नका.

चोरून येणारी हवा

इनटेक मॅनिफोल्डची गॅसकेट एका नळीपाशी दबली किंवा कडक होऊन तडकली, की फक्त तोच सिलिंडर जादा हवा खेचतो. ब्रेक बूस्टरचा पाइप, क्रँककेसच्या वाफेचा पीसीव्ही पाइप, पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पाइप यांपैकी एखादा जर एकाच नळीच्या तोंडाशी जोडलेला असेल तर त्याची गळतीही त्याच सिलिंडरला भोवते. उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर लवकर कडक होतं. पाइपचं टोक वाकवून बघा, बारीक भेगा उघड्या पडतात.

ओळखायची खूण: हवेचा दोष आयडलला जास्त असतो, कारण तेव्हा मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम सर्वांत जास्त. रेस २५०० वर नेली की गाडी सुधारते. इंधनाचा दोष उलटा, भार वाढला की वाढतो. एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत हे ट्रिमवरही दिसतं: आयडलला प्लस १२, रेसला प्लस ३ अशी उतरती रांग. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशेब करणाऱ्या) गाडीत मात्र ट्रिम फारशी हलत नाही, त्याऐवजी आयडल चढून बसतो. ट्रिम बरी दिसली म्हणून तिथे गॅसकेट निर्दोष ठरवू नका.

तपासायला बरेच मिस्त्री पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. मागे लालबुंद मॅनिफोल्ड असताना हे करू देऊ नका. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती पाण्याची बाटली पुरते. गॅसकेटच्या कडेने एकेका नळीपाशी फवारा. गळतीच्या जागी पाणी क्षणभर भोक बुजवतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. वायरिंग आणि कॉइलवर पाणी नको. पाइपांसाठी चिमटा: एकेक पाइप दाबून धरा, ज्याने थरथर थांबते तो चोर. ब्रेकचा पाइप दाबताना गाडी उभीच असू द्या.

इंजिनच्या अंगात कारण असेल तर

बॅटरी चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरची कनेक्टर सुटलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि पाच-सहा फेरे स्टार्टर. निरोगी पेट्रोल इंजिनात दाब साधारण १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतो. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, एक किलोच्या वर गेला तर संशय. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. दाब चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर जोडीने कमी असतील तर त्या दोघांमधली गॅसकेट फाटलेली.

कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात पुढची चाचणी करून घ्या. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ऐकायचं. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. क्रँकच्या नटावर पाना ठेवून हवा सोडू नका. इंजिन फिरलं तर पाना उडतो.

सीएनजीवर चालून चालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते. व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप कमी होत होत संपते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो. त्याची उष्णता सीटमध्ये उतरायची असते. बसलाच नाही तर कडा जळते. टॅपेट वाजत नाही म्हणून मालक खूश असतो, पण इथे शांत टॅपेट हीच वाईट खबर. इंजिन गार असताना फिलर गेजने आठ-सोळा जे असतील ते सगळे मोजा. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट बाकीच्यांपेक्षा घट्ट, तोच पांढऱ्या प्लगचा निघाला तर शोध संपला. वेळेत सापडलं तर नुसत्या सेटिंगवर भागतं. एक जुनी खूणही सांगतो: आयडलवर सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ती अधूनमधून आत ओढली गेली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर पहिला संशय घ्या; मिसिंगमुळेही असं होतं, म्हणून यावर एकट्यावर हेड खोलू नका.

पाण्याची वाट

हे आधीच्या दोन मापांवरून ठरलेलं असतं: एक्झॉस्ट सारखं, हेड एका जागी गरम. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड; वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलं तर वॉटर जॅकेटमध्ये क्षार बसतो आणि पंपापासून लांबच्या सिलिंडरला आधी फटका बसतो. नुकतंच हेड उतरवून बसवलेलं असेल तर गॅसकेट उलटी बसून पाण्याचं भोक बुजलं का, आणि भरताना हवेचा फुगा अडकला का, हे दोन प्रश्न पहिले. फुगा काढून बघणं फुकट आहे. त्यानंतर सिस्टिम धुऊन तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेलं कूलंट भरा.

ट्रॅक्टर आणि जनरेटरवाल्यांसाठी थोडं. डिझेल इंजिन नेहमीच जादा हवेवर चालतं, तिथे ‘लीन म्हणून गरम’ हे लागू नाही. डिझेलचा एकच सिलिंडर गरम निघाला तर त्याला डिझेल जास्त मिळतंय किंवा नोझल फवारण्याऐवजी धार सोडतंय, आणि तो आधी नोझल टेस्टरवर न्यायचा.

हेड खोलायचं ठरलंच तर

दाबाचे चारही आकडे आणि फुसफुस कुठून आली ते लिहून मिस्त्रीला द्या. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं) झाल्यावर हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवरच्या खोलगट भागात रॉकेल ओतून बघायला सांगा. पोर्टमध्ये पाझरलं तर परत लॅपिंग. हेडचा सपाटपणा पट्टी आणि फिलर गेजने तुमच्यासमोर बघू द्या, ०.०५ मिमीच्या वर फट निघाली तर लेथवर पाठवायचं. गॅसकेट नवीच, बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच. जोडल्यावर ईसीयूची जुनी ट्रिम पुसून घ्या, नाहीतर तो आधीच्या आजाराच्या हिशेबानेच पेट्रोल सोडत राहील. मग दोन-तीन दिवस साधी चालवून पुन्हा घाटावर न्या आणि त्याच काळ्या ठिपक्यांवर मोजा.